सीमेचा राखणदार : खुसरो रुस्तमजी



देशाची सीमा नकाशावर पाहिली म्हणजे ती केवळ एक रेघ वाटते. प्रत्यक्षांत ती कोठें कच्छच्या रणांतून, कोठें राजस्थानच्या वाळूंतून, तर कोठें बंगालमधील भातशेतांच्या बांधांवरून जाते. आणि कित्येक ठिकाणीं बांधाच्या अलीकडे एक घर व पलीकडे त्याच घराचे सोयरे नांदत असतात. ही रेघ शांततेच्या काळांत कोणीं राखावी, सैनिकानें कीं पोलिसानें, हा प्रश्न भारतापुढें १९६५ सालीं उभा राहिला. त्याचें उत्तर ज्या अधिकाऱ्याच्या हातून घडलें, त्या खुसरो फरामुर्झ रुस्तमजी यांच्या कारकीर्दीविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

रुस्तमजींचा जन्म १९१६ सालीं नागपूरजवळील कामठी येथें एका पारशी कुटुंबांत झाला. १९३८ सालीं ते मध्यप्रांत व वऱ्हाडच्या पोलीसखात्यांत दाखल झाले. १९५२ पासून सहा वर्षें पंतप्रधान नेहरूंच्या संरक्षणाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. नेहरू गर्दींत बेधडक शिरणारे! त्यांचे प्राण तर राखावयाचे, परंतु लोक व पुढारी यांमध्यें भिंत उभी करावयाची नाहीं, असें हें अवघड काम. त्यानंतर मध्यप्रदेशच्या पोलीसदलाचे प्रमुख म्हणून चंबळच्या दऱ्यांतील दरोडेखोरांशीं त्यांची गांठ पडली. कुप्रसिद्ध गब्बरसिंग १९५९ सालीं मारला गेला, तो ह्याच काळांत.

एप्रिल १९६५ मध्यें पाकिस्तानी सैन्यानें कच्छमधील सरदार चौकीवर हल्ला केला. तोंवर पाकिस्तानलगतची सीमा त्या त्या राज्याचे सशस्त्र पोलीस राखीत असत. प्रत्येकाची शिस्त निराळी, शस्त्रें निराळीं, हुकूम देणारा निराळा. तोफखाना घेऊन येणाऱ्या शत्रूपुढें अशी विखुरलेली शक्ति अपुरी पडणार, हें उघड झालें. म्हणून १ डिसेंबर १९६५ रोजीं सीमा सुरक्षा दल स्थापन झालें, आणि त्याचें पहिलें प्रमुखपद रुस्तमजींकडे आलें. निरनिराळ्या राज्यांच्या तुकड्या एकत्र आणून त्यांचें एक दल करणें हें हुकूम काढण्याइतकें सोपें नव्हतें. ग्वाल्हेरजवळ टेकनपूर येथें दलाचें शिक्षणकेंद्र उभें राहिलें. १९६८ सालीं दलाचा स्वतंत्र कायदा झाला.

येथें एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. सैनिकाचें कसब शत्रूशीं लढण्यांत असतें. सीमेवरील पोलिसाला मात्र युद्ध नसतांना वर्षानुवर्षें जागें राहावें लागतें. चोरटा व्यापार व चोरटी येजा थांबवावी लागते. आणि हें करतांना सीमेवरील गांवकऱ्याला आपण परके आहों असें वाटूं द्यावयाचें नसतें. ह्या दलाच्या कर्तव्यांत सीमेलगतच्या जनतेंत सुरक्षिततेची भावना निर्माण करणें हेंही स्पष्टपणें अंतर्भूत आहे.

ह्या दलाची मोठी कसोटी १९७१ सालीं लागली. पूर्व बंगालमधील अत्याचारांपासून जीव वांचविण्यासाठीं लोकांचे लोंढे सीमा ओलांडूं लागले. पुढें ही संख्या एक कोटीच्या घरांत गेली. मार्चअखेर ताजुद्दीन अहमद सीमेवर पोंचले, तेव्हां रुस्तमजींनीं कलकत्त्यास त्यांची भेट घेतली व त्यांच्या दिल्लीप्रवासाची व्यवस्था केली. १७ एप्रिल रोजीं बैद्यनाथतला येथील आंबराईंत बांगलादेशच्या सरकारचा शपथविधि झाला, त्यांतही ह्या दलाचें मोठें साहाय्य होतें. आरंभींच्या आठवड्यांत मुक्तिवाहिनीच्या मदतीचा भार बव्हंशीं ह्याच दलानें वाहिला. नंतर तो सेनेनें उचलला.

१९७४ पर्यंत ते दलाचे प्रमुख होते. समुद्रमार्गें होणाऱ्या चोरट्या व्यापाराचा विचार करण्यासाठीं नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष झाले, आणि तिच्या शिफारशींतून पुढें तटरक्षक दल जन्मास आलें. आपल्या कोंकणच्या किनाऱ्यावरही तें आज पहारा देत आहे.

परंतु त्यांचें सर्वांत मोलाचें काम कदाचित् ह्यानंतरचें असेल. राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सभासद या नात्यानें त्यांनीं बिहारमधील तुरुंग पाहिले. खटला चालण्याची वाट पाहात वर्षानुवर्षें कोंडलेलीं माणसें तेथें होतीं. कित्येकांनीं तर त्यांच्या कथित अपराधाला जितकी शिक्षा होऊं शकली असती, तिच्याहून अधिक काळ कैदेंत काढला होता. जानेवारी १९७९ मध्यें त्यांचे यावरील लेख ‘इंडियन एक्सप्रेस’ पत्रांत आले. ते वाचून वकील कपिला हिंगोरानी यांनीं सर्वोच्च न्यायालयांत अर्ज केला. तोच हुसैनारा खातून खटला. सत्वर न्याय मिळणें हा जीविताच्या व स्वातंत्र्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असें न्यायालयानें त्यांत ठरविलें, आणि असंख्य बंदिवानांना तुरुंगाचीं दारें मोकळीं झालीं.

ज्यानें देशाचीं दारें राखलीं, त्यानेंच तुरुंगाचीं दारें उघडण्यास हातभार लावावा, हा विरोधाभास वरवरचा आहे. सीमा राखावयाची ती आंतील माणसासाठीं. तो माणूसच जर कायद्याच्या नांवाखालीं विनाचौकशी खितपत पडला, तर पहाऱ्याला अर्थ काय उरला? रुस्तमजींना १९९१ सालीं पद्मविभूषण मिळालें. २००३ सालीं मुंबईस त्यांचें निधन झालें. रक्षकाचें सामर्थ्य शत्रूच्या भयावरून मोजतात. त्याची थोरवी मात्र दुबळ्यांतल्या दुबळ्या नागरिकाला त्याचा किती आधार वाटतो, ह्यावरून मोजली पाहिजे. ह्या दोन्ही मापांस उतरणारी अशी ही कारकीर्द होती.