खुकरीची आठवण आणि एक विनंती



मला माझ्या सॉफ्टवेअरमधल्या कामावर बोलायला सांगितलं होतं. गुरुजी, माफ करा, आज थोडं वेगळं बोलते.

गेल्या दिवाळीत आम्ही दीवला गेलो होतो. तिथे समुद्राकाठच्या टेकडीवर काचेच्या पेटीत एका जहाजाची प्रतिकृती आहे. लेकीने विचारलं, "आई, या लोकांच्या समाध्या कुठे आहेत?" मी समोरच्या पाण्याकडे बोट दाखवलं.

ते जहाज म्हणजे आयएनएस खुकरी. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीने त्यावर टॉर्पेडो सोडला. काही मिनिटांत जहाज बुडालं. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडलं नाही. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळालं.

त्यात लेफ्टनंट व्ही. के. जैनही होते. पाणबुडीचा माग काढणाऱ्या सोनार यंत्रणेत त्यांनी सुधारणा केली होती. तिची चाचणी ऐन युद्धात चालू होती आणि तिच्यासाठी जहाज हळू चालवावं लागे. माझ्या चाचणीत चूक निघाली, तर मी ती सोमवारी दुरुस्त करते. त्यांना सोमवार मिळाला नाही.

कॅप्टनचं नाव पुस्तकांत आहे. पण बॉयलर सांभाळणारे, स्वयंपाक करणारे, वायरलेसवर बसणारे? त्यांची नावं त्यांच्या गावाने जपली, तरच राहतात.

आपण आळ्याची माणसं. माउलींनी ज्याच्या मुखी वेद वदवले, त्या रेड्याची समाधी आपल्या गावात आहे. पिढ्यान्‌पिढ्या आपण तिथे डोकं टेकवतो. मुक्या जनावराला न विसरलेलं गाव आपल्या मुलांना कसं विसरेल?

म्हणून एक विनंती. आपल्या शाळेतून भूदल, नौदल, हवाई दलात गेलेल्या प्रत्येकाची नोंद करू या. हयात असलेल्यांची आणि नसलेल्यांचीही. नाव, गाव, दहावीचं वर्ष, एवढं पुरे. यादी मी तयार करते. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, ती आहेत तोवर.

मंडपाच्या दाराशी वही ठेवली आहे. जेवायला बसण्याआधी आठवेल ते एक नाव लिहून जा.

जय हिंद!