दिंडीची कोठी



अभंगाचं निरूपण आमच्या तोंडून तुम्ही पुष्कळ ऐकलंत. आज शंभरीच्या निमित्ताने कोठीचं ऐका.

तुकोबारायांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून निघते. त्याच दिवसांत आपल्या मावळात पाऊस धरतो आणि भाताच्या खाचरांची घाई उडते. तेव्हा साहित्याकडे बघायला कोणाला सवड नसते. म्हणून वैशाखाचं ऊन आहे तोवर राहुट्या उलगडायच्या, उंदराने कुरतडलं असेल तिथं शिवायचं, खुंट्या न् दोर मोजायचे. पूर्वी पातेल्यांना कल्हई करावी लागे, आता ॲल्युमिनियमची पातेली आली, तो खर्च वाचला.

पखवाजाचं मात्र तसंच आहे. लोणावळ्याकडची ओली हवा चामड्याला मानवत नाही, पुडी सैल पडते. पखवाज आधी सुती कापडात गुंडाळावा, पाऊस असेल तेवढ्यापुरतं वरून प्लास्टिक. मुक्कामावर गेल्याबरोबर प्लास्टिक काढा, नाहीतर आतच घाम धरतो. धुमाला लावायची कणीक वेगळ्या डब्यात ठेवा. टाळांच्या दोऱ्या दर वर्षी नव्या. भर भजनात टाळ निसटून पुढच्या माउलीच्या टाचेवर पडलेला आम्ही पाहिलाय.

आता आमची चूक सांगतो. कोठी नवीनच आमच्याकडे आली होती. जुने कोठीवाले आबा थकले होते, देवळाच्या पायरीवर बसून असत. ट्रक भरताना त्यांनी विचारलं, "फळ्या घेतल्या का रे?" आम्ही गडबडीत "हो हो" म्हटलं. कसल्या फळ्या, हे विचारलंसुद्धा नाही. इंद्रायणी तांदळाची पोती लावली, वरून ताडपत्री बांधली. आकुर्डी, पुण्याचे दोन मुक्काम, लोणी काळभोर, सगळीकडे वरच्या थरातली पोती निघाली. यवतला तर गावच पिठलं-भाकरी घालतं. वरवंडला खालचा थर काढला, तर तांदूळ कुबट, हिरवा पडलेला. पावसाचं पाणी हौद्यात खालून शिरलं होतं. दिवसभर चाललेली म्हातारी माणसं ताट घेऊन बसलेली, आणि आमच्या तोंडातून शब्द फुटेना. शेजारच्या वस्तीतून भाकरी आल्या म्हणून निभावलं. पोत्यांखाली टाकायच्या त्या फळ्या, हे तेव्हा कळलं.

परत आल्यावर आबांच्या पाया पडलो आणि त्यांच्याजवळ बसून सगळं वहीत उतरवलं. आमचं शिक्षण चौथी, पण याद्या लिहायला तेवढं पुरलं. पहिली ओळ 'फळ्या' हीच आहे. आबांनी आणखी एक सांगितलं: पुण्यापर्यंत पावसाची तयारी, यवतच्या पुढे पाण्याची. तिकडे पाऊस कमी, रोटी घाटात घसा कोरडा पडतो. म्हणून लोणीलाच टाकी, कळशा, हंडे वर काढून ठेवा.

पोरांनी वहीचे फोटो मोबाइलात घेतलेत, बरं झालं. पण यंदा राहुट्या उलगडायला चारच जण आले. पुढच्या वैशाखात तळेगाव-चाकणच्या कंपन्यांत जाणाऱ्यांच्या सुटीचा वार धरू. येताना दाभण-सुतळी आणा, दोन राहुट्या शिवायच्या राहिल्यात.