पंधरा किलोंचा हिशेब

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात दिलेल्या भाषणाचे लिखित रूप)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी वक्त्याने संस्कृती, भाषा किंवा नव्या पिढीचे संस्कार यांवर बोलावे, असा प्रघात आहे. मी मात्र आज आपल्यापुढे सामानाच्या वजनाचा विषय घेऊन उभा आहे, आणि तेही समुद्रात बुडी मारण्याच्या सामानाच्या! विषय ऐकून काहींच्या चेहऱ्यावर हसू उमटलेले मला दिसते आहे. ते हसू भाषण संपेपर्यंत राखून ठेवावे, एवढीच विनंती.

आपण सारे परगावी येऊन स्थिरावलेली माणसे. सामानाचे वजन ही गोष्ट आपल्याइतकी कोणाला ठाऊक असणार? दूरवाणीनगरच्या टेलिफोन कारखान्यात नोकरी लागली म्हणून मी प्रथम येथे आलो, तेव्हा मालवणहून एस.टी.ने बेळगाव आणि तेथून मीटरगेजच्या गाडीने बंगलोर, असा तो प्रवास होता. बरोबर एक लोखंडी ट्रंक, एक वळकटी आणि आईने दिलेली कोकमाची पिशवी. त्या वेळी वजनाची चिंता हमालाला असे, मला नव्हे. आजही रेल्वेच्या शयनयान वर्गात माणशी ४० किलो सामान विनामूल्य नेता येते. विमानाचे गणित निराळे आहे. देशांतर्गत प्रवासात साध्या तिकिटावर बहुतेक कंपन्या १५ किलो सामान जमा करून घेतात आणि ७ किलो हाताशी ठेवू देतात. त्यापलीकडच्या प्रत्येक किलोला दाम मोजावा लागतो.

एरवी या दामाची झळ मला लागली नसती. परंतु माझ्या नातीला स्कुबा डायव्हिंगचा ध्यास लागला. गेली तीन वर्षे ती पाणबुड्यांची मार्गदर्शक होण्याचे शिक्षण घेते आहे. तिचा आजा मालवणचा. पण आमच्या लहानपणी सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे पाणी होडीतून पाहायचे, एवढेच आम्हांला ठाऊक. त्या पाण्याखाली प्रवाळ आहेत, रंगीत माशांचे थवे आहेत, याची आम्हांला वार्ताही नव्हती. पुढे १९८७ साली तो परिसर सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला, आणि जवळच तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कुबा डायव्हिंगची संस्थाही उभी राहिली. आपल्या कर्नाटकात मुरुडेश्वरजवळचे नेत्राणी बेट याच कारणासाठी प्रसिद्ध आहे. ही दोन्ही ठिकाणे रेल्वेने वा बसने गाठता येतात. अंदमानचे तसे नाही. चेन्नईहून जहाजाने जावे तर दोन-तीन दिवस लागतात. म्हणून बहुतेकांना विमानच धरावे लागते.

पहिल्या खेपेस आमच्या नातीने विमानतळाच्या काउंटरवर जादा वजनाचे पैसे भरले. सहा किलोंचे तीन हजारांच्या आसपास झाले. ते ऐकून मी अस्वस्थ झालो आणि या शुल्कामागची हकिकत शोधून काढली. नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने २०१६ साली असा आदेश काढला होता, की १५ ते २० किलोंच्या टप्प्यात किलोमागे १०० रुपयांहून अधिक आकारू नयेत. विमान कंपन्या न्यायालयात गेल्या, आणि २०१७ साली दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द ठरविला. तेव्हापासून हा दर ज्या त्या कंपनीच्या इच्छेवर आहे, आणि तो किलोमागे काहीशे रुपये असतो. जादा वजनाची नोंदणी घरूनच आगाऊ केल्यास बहुधा काही सवलत मिळते. काउंटरवर ती मिळत नाही. हे पहिले व्यावहारिक ज्ञान.

दुसऱ्या खेपेच्या आदल्या रात्री आम्ही घरीच वजनकाटा मांडला. हवा भरून पाण्यात तोल सांभाळणारे जाकीट साडेतीन किलो. टाकीतील हवा श्वासाजोगी करून तोंडाशी आणणारे रेग्युलेटर तीन किलो. पायांतील फिन्स आणि बूट मिळून तीन किलो. वेटसूट दोन किलो. मास्क, नळी, मनगटावरचा खोली मोजणारा संगणक आणि दिवा मिळून दीड किलो. रिकामी बॅगच तीन किलोंची. एकूण सोळा! अजून कपडे आणि तिच्या आजीचे डिंकाचे लाडू आत जायचेच होते. ते घातल्यावर काटा बाविसावर गेला.

मी आयुष्यभर काटकसरीने संसार केलेला माणूस. मी तत्काळ तोडगा काढला. म्हटले, “हे तीन किलोंचे धातूचे यंत्र कशाला नेतेस? तेथे भाड्याने मिळते, असे तूच सांगतेस ना?” तिने शांतपणे जाकीट बाहेर काढून ठेवले, आणि म्हणाली, “आजोबा, जाकीट तिथलं घेईन. पण ज्यातून मी श्वास घेते, ते माझंच असू दे. त्याची दुरुस्ती केव्हा झाली ते मला माहीत आहे.”

मग तिने रेग्युलेटर, मास्क, संगणक आणि दिवा हातातल्या सामानात घातले. नाजूक वस्तूही सुरक्षित राहिल्या आणि मोठ्या बॅगेचे ओझेही साडेचार किलोंनी हलके झाले. जाकीट वगळल्यावर काटा चौदावर आला. लाडू आतच राहिले, हे सांगायला नकोच.

या विद्येची हौस असलेली मुले आता आपल्या अनेक घरांतून आहेत, म्हणून तिचे नियम येथे नमूद करतो. हवेची टाकी आणि कमरेचे शिसे कधीही नेऊ नये. नुसती रिकामी टाकीच चौदा किलोंच्या घरात जाते, आणि दोन्ही वस्तू बुडीच्या ठिकाणी मिळतात. पाणबुड्याचा सुरा जमा करावयाच्या बॅगेतच ठेवावा. लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या मात्र जमा करू नयेत; त्या हाताशीच ठेवाव्या लागतात. पाण्याखालचा प्रखर दिवा चुकून पेटल्यास बॅगेत आग लागू शकते, म्हणून त्याची बॅटरी काढून वेगळी ठेवावी. आणि तिकीट काढण्यापूर्वीच सामानाचे वजन करावे. दोन तिकिटांची तुलना करताना जादा वजनाचे पैसे मिळवूनच किंमत पाहावी. स्वस्त दिसणारे तिकीट अनेकदा महाग पडते.

परंतु माझी खरी चूक पुढेच घडावयाची होती. परतीचे तिकीट मी स्वतः शोधले. तिची शेवटची बुडी दुपारी दोनला संपणार होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातचे विमान दोन हजारांनी स्वस्त होते. शिवाय एका मुक्कामाचा खर्च वाचत होता. बॅगेत गेलेले पैसे येथे भरून निघतील, म्हणून मी खुशीत होतो. तिने फोनवर हिशेब केला : सतरा तास. अठरा हवेत. मी म्हणालो, “अगं, एका तासाने काय बिघडणार आहे?”

तेव्हा तिने मला जे समजावले, ते मी आपणांस माझ्या शब्दांत सांगतो. अठरा मीटर खोलीवर शरीरावरचा दाब पृष्ठभागाच्या जवळजवळ पावणेतीन पट असतो. त्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि स्नायूंत अधिक विरघळतो. वर आल्यावर तो एकदम निघून जात नाही. तासन् तास हळूहळू बाहेर पडतो. विमानाच्या आतील हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावा इतका कमी असतो. नायट्रोजन शरीरात उरलेला असताना माणूस त्या विरळ हवेत गेला, तर सोड्याच्या बाटलीचे झाकण काढावे तसे रक्तात बुडबुडे धरू शकतात. सांधे दुखतात, हातपाय बधिर होतात, आणि प्रसंगी पक्षाघातापर्यंत मजल जाते. जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाने पाणबुड्यांनी टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके १९०८ साली प्रसिद्ध केली, ती याच व्याधीच्या अभ्यासातून. आजचा सर्वमान्य संकेत असा आहे, की एकच साधी बुडी असल्यास विमानापूर्वी किमान बारा तास, अनेक दिवस बुड्या घेतल्यास किमान अठरा तास थांबावे. बरेच शिक्षक सरसकट चोवीस तास सांगतात.

आणि येथे बंगलोरकरांनी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. आपले हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार फूट उंचीवर आहे. मालवणला वा मुरुडेश्वरला बुडी घेऊन त्याच रात्री बसने किंवा गाडीने घाट चढून येणे, हेसुद्धा उंचीवर जाणेच आहे. मग ते विमान नसले म्हणून काय झाले? रविवारी दुपारी बुडी आणि सोमवारी सकाळी कचेरी, असा बेत आखणाऱ्या आपल्या तरुण मंडळींनी शनिवारीच बुड्या आटोपाव्यात आणि रविवार किनाऱ्यावर काढावा.

आमची नात एक दिवस अधिक राहिली, आणि सुखरूप घरी आली. माझे दोन हजार आणि एका मुक्कामाचे पैसे गेले. त्या रात्री मी वहीत जमाखर्च लिहीत होतो, तेव्हा हा खर्च कोणत्या सदरात घालावा हे मला सुचेना. शेवटी मी तो औषधपाण्याच्या सदरात लिहिला.

मित्रहो, काटकसर हा आपल्या पिढीचा अलंकार होता. त्या अलंकाराच्या बळावर आपण परमुलखात घरे उभारली, मुलांना शिकविले, हे मंडळ पन्नास वर्षे चालविले. त्याची मला लाज वाटत नाही. परंतु काय सोडावे हे शिकताना काय सोडू नये हेही शिकावे लागते, आणि तो धडा मला माझ्या नातीने दिला. जाकीट भाड्याने घ्यावे, कपडे दोन कमी न्यावेत, शुल्क आगाऊ भरावे. पण श्वासाचे साधन आणि शरीराला लागणारा वेळ, या दोन्ही ठिकाणी पैशांचा काटा बाजूला ठेवावा. मुले ‘एक दिवस जास्त लागेल’ म्हणाली, तर त्यांना ‘एका तासाने काय बिघडते’ असे मी विचारले तसे आपण विचारू नये.