ऐच्छिक विषयाची निवड



अभियांत्रिकीच्या प्रथम वर्षी ऐच्छिक विषय कोणता घ्यावा, हा प्रश्न आपली मुले बहुधा 'गुण कशात सहज मिळतील' एवढ्यावरच सोडवतात. ही रीत मला घातक वाटते. तिसऱ्या वर्षी काय शिकायचे आहे ते आधी पाहावे आणि त्याला लागणारा पाया आज निवडावा.

मंडीदीपचेच पाहा. येथील एचईजीच्या कारखान्यात ग्राफाइटचे इलेक्ट्रोड बनतात. कोक व पिच यांच्या मिश्रणाला आकार द्यायचा, तो भाजायचा, मग वीज सोडून सुमारे ३००० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचा. हे काम रसायनाचे, विजेचे की यंत्रांचे? तिन्हींचे. पदार्थांच्या गुणधर्मांचा विषय टाळलेला संगणकाचा विद्यार्थी त्या भट्टीसाठी आज्ञावली लिहील. मात्र आत काय घडते आहे, हे त्याला उमगणार नाही.

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमाने पदवी १६० श्रेयांकांवर आणली. निवडीला वाव मिळाला, पण मुख्यत्वे पुढील वर्षांत. म्हणून पहिल्या वर्षी मिळेल तो एखादा ऐच्छिक विषय फार मोलाचा. (फीच्या अर्थाने म्हणत नाही!) महाविद्यालयांनी विषयांच्या यादीत प्रत्येकापुढे तो पुढे कोठे लागतो हे छापावे. पालकांनीही प्रवेशाच्या दिवशी तेवढे जरूर विचारावे.