मोटार दम टाकते तेव्हा

पणजीहून बेळगावकडे निघालेली मोटार साखळी मागे टाकून केरीपर्यंत निर्वेध येते. तेथून चोर्ला घाट सुरू होतो. पहिली काही वळणे ती हौसेने चढते आणि मग, दाट रानाच्या ऐन मध्यावर, तिचा जोर एकाएकी सरतो. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, इंजिन चालू, आवाजातही फारसा फरक नाही. परंतु वेग काही केल्या ताशी ३० किलोमीटरच्या वर जात नाही. समोर डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा उजळलेला असतो. मागच्या आसनावर वृद्ध माणसे, त्यांच्या मांडीवर पेंगुळलेली मुले, पाठीमागे भोंगे वाजविणाऱ्या मालमोटारी आणि मोबाईलला रेंज नाही. अशा वेळी चालकापुढे एकच प्रश्न उभा राहतो : गाडी पुढे न्यावी की आहे तेथेच थांबवावी?

या प्रश्नाचे निम्मे उत्तर दिव्याच्या रंगातच असते. तांबडा दिवा म्हणजे थांबण्याची आज्ञा. त्यातही तेलाच्या झारीची आकृती असलेला दिवा सर्वांत निकडीचा. तो इंजिनातील तेल किती आहे हे सांगत नाही; तेलाचा दाब पडला आहे एवढेच सांगतो. दाब नसला म्हणजे बेअरिंगे कोरडी फिरू लागतात आणि काही मिनिटांतच इंजिन जाम होते. म्हणून या दिव्यानंतर पुढच्या गावापर्यंत जाऊन पाहू, हा विचार करावयाचा नसतो. गाडी कडेला घेऊन इंजिन तत्काळ बंद करावे लागते. पाणी तापल्याचा दिवाही त्याच जातीचा. मात्र तेथे रेडिएटरचे झाकण लगेच उघडणे हा दुसरा अपघात ठरतो, कारण आतले पाणी दाबाखाली असते आणि झाकण सैल होताच ते उकळत अंगावर येते. बॅटरीचा तांबडा दिवा त्यामानाने थोडी सवड देतो. अल्टरनेटरने वीज पुरविणे थांबविले, एवढाच त्याचा अर्थ. बॅटरीतील साठ्यावर गाडी काही अंतर जाऊ शकते. पण काही गाड्यांत अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप एकाच पट्ट्यावर चालतात. तेथे पट्टा तुटला असेल, तर वीज आणि पाणी दोन्ही एकदमच थांबतात.

पिवळा दिवा स्थिर असेल, तर बेताने गाडी पुढे नेता येते. तोच दिवा उघडझाप करू लागला, तर गोष्ट वेगळी. पेट्रोलच्या गाडीत त्याचा अर्थ असा की, इंजिन मिसिंग करीत आहे आणि एखाद्या सिलिंडरमधील पेट्रोल न जळताच बाहेर पडत आहे. ते धुराच्या नळीतील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते, आणि आतली चिनीमातीची जाळी वितळण्याइतकी तापते. प्लग किंवा कॉइल बदलण्याच्या किरकोळ कामाचे रूपांतर त्यामुळे फार मोठ्या खर्चात होते. शिवाय वितळलेली जाळी धुराची वाट अडविते, आणि गाडीचा जोर कायमचाच जातो.

चोर्ल्याच्या चढावरील गाडीचा दिवा स्थिर आहे. तेव्हा ती सावकाश कणकुंबीपर्यंत नेण्यास हरकत नसते. परंतु तिचा जोर गेला कोठे, हे समजून घेण्यासारखे आहे.

जुन्या फियाट किंवा ॲम्बॅसडर गाडीचा जोर जाई तो खरोखरच जाई. कार्बोरेटरच्या बारीक छिद्रात कचरा अडके, नाहीतर उन्हाळ्यात पेट्रोलची वाफ होऊन पंप रिकामा फिरे. मग चालक पंपावर ओले फडके टाकून झाडाखाली बसत असे. आजच्या गाडीत पुष्कळदा इंजिन अशक्त झालेले नसते. त्याला आवरून धरलेले असते. हवा, इंधन, उष्णता, दाब यांची मापे घेणारे सेन्सर गाडीतील संगणकाला अखंड वार्ता देत असतात. एखादी वार्ता अपेक्षेशी जुळेनाशी झाली की संगणक इंजिनाचे अधिक नुकसान टाळण्यासाठी त्याची ताकद मुद्दाम कमी करतो. कारागीर याला लिंप मोड म्हणतात. मराठीत लंगडी चाल म्हणावे. ॲक्सिलरेटरला आता पूर्वीसारखी तार नसते. पाय केवळ विनंती करतो आणि ती मानावयाची की नाही, हे संगणक ठरवितो.

म्हणूनच गाडी बंद करून पुन्हा चालू केली की ती कित्येकदा पूर्ववत धावू लागते. घरातली मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात. वास्तविक बिघाड होता तेथेच असतो. संगणकाने नव्याने मोजणी सुरू केलेली असते, इतकेच. सपाट रस्त्यावर इंजिनावर भार कमी असल्याने काही जाणवत नाही. पुढचा चढ आला की दिवा पुन्हा हजर होतो. ही खूण मात्र मोलाची आहे. बिघाड केवळ चढावर, भार पडल्यावरच दिसतो, हे कारागिराला सांगितले तर त्याचे अर्धे काम वाचते.

बेळगावात गाडी गॅरेजमध्ये जाते. स्टिअरिंगच्या खाली १६ टाचण्यांची एक खोबण असते. तीत यंत्र जोडले की संगणकाने नोंदलेला सांकेतिक क्रमांक वाचता येतो. अमेरिकेत १९९६ पासून सर्व नव्या मोटारींना ही व्यवस्था सक्तीची झाली, आणि पुढे ती भारतातही आली. आपल्या डिझेल गाडीत क्रमांक निघतो पी ०२९९. त्याचा अर्थ, टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी आहे. येथेच मोठी गफलत होते. क्रमांकात टर्बोचे नाव आले, म्हणजे टर्बो गेला, असा निवाडा देऊन उतावीळ कारागीर नवा टर्बो मागवितो. मालकाला अनेक हजारांचा भुर्दंड पडतो आणि पुढच्या रविवारी चोर्ल्याच्या त्याच वळणावर दिवा पुन्हा लागतो.

क्रमांक हा निकाल नव्हे, ती साक्ष आहे. दाब कमी पडला, एवढेच साक्षीदाराने पाहिले. तो का पडला हे त्याला ठाऊक नसते. टर्बो हवा दाबतो. ती हवा जाड रबरी नळ्यांतून इंटरकूलरमध्ये थंड होऊन इंजिनात शिरते. या वाटेवर कोठेही नळीला चीर गेली असेल, पट्टी सैल झाली असेल, टर्बोचे नियंत्रण करणारी बारीक व्हॅक्यूमची नळी उंदराने कुरतडली असेल, किंवा दाब मोजणाऱ्या सेन्सरवर काजळी बसली असेल, तरी क्रमांक तोच येतो. जाणता कारागीर प्रथम बॅटरी घेऊन या नळ्यांचा माग काढतो. सांध्याशी तेलाचा ओला, धूळ चिकटलेला डाग दिसला की त्याचा हात तेथेच थांबतो. कारण हवेबरोबर टर्बोतून येणारे थोडेसे तेल गळतीच्या जागी बाहेर झिरपते. चालकाने चढावर फुसफुस ऐकली होती काय, मागे काळा धूर येत होता काय, हेही तो विचारतो. हे सर्व पाहून झाल्यावरच टर्बोचा नंबर लागतो. त्याची पाती हाताने हलवून पाहण्यास फार वेळ लागत नाही.

संगणक दिवा लागण्याच्या क्षणाचा पंचनामाही जपून ठेवतो : इंजिनाचे फेरे किती, वेग किती, पाण्याची उष्णता किती. दिवा विझविण्यासाठी बॅटरीची तार काढून लावणारा मनुष्य नेमका हा पुरावा पुसून टाकतो. जुनी गाडी विकणारे काही महाभाग तर दिवाच निकामी करतात. यासाठी विकत घेताना किल्ली फिरवून इंजिन चालू न करता डॅशबोर्डाकडे पाहावे. दिवे क्षणभर लागून स्वतःची परीक्षा देतात. इंजिनाचा दिवा त्या वेळी उजळलाच नाही, तर शंकेला जागा आहे.

कधी एकाच वेळी पाचसहा दिवे लागतात : ब्रेकचा, स्टिअरिंगचा, इंजिनाचा. पाहणाऱ्याची छाती दडपते. परंतु पाचसहा भाग एकाच सकाळी बिघडत नाहीत. बहुधा बॅटरी क्षीण झालेली असते, किंवा तिचे टोक गंजलेले असते. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारणपणे १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळावयास हवेत.

शहरातच थोडे थोडे अंतर जाणाऱ्या डिझेल गाड्यांची तक्रार वेगळी. १ एप्रिल २०२० पासून बी. एस. ६ चे नियम लागू झाले आणि त्या गाड्यांच्या धुराच्या वाटेत काजळी अडविणारी गाळणी आली. साचलेली काजळी सुमारे ६०० अंशांवर जळते. बाजार ते घर एवढ्या फेरीत ती उष्णता येतच नाही. गाळणीचा दिवा लागला असता मोकळ्या रस्त्यावर पुरेशा वेगाने वीस मिनिटे गाडी चालविली, तर तो बहुधा आपोआप मालवतो. टाळाटाळ केली तर मात्र लंगडी चाल आलीच.

आणि दिवा मुळीच न लागता गाडी ओढेनाशी झाली तर? इंजिनाचे फेरे वाढतात पण वेग वाढत नाही, तेव्हा क्लच घसरत असतो. एखादे चाक हाताला फार गरम लागते, तेव्हा ब्रेक अडकलेला असतो. हवेची गाळणी तांबड्या धुळीने भरलेली असते. टर्बो नसलेल्या गाडीचा थोडासा जोर तर उंचीच घेऊन जाते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे, आणि दर १०० मीटरला सुमारे एक टक्का शक्ती कमी होते. हा बिघाड नव्हे.

त्या घाटातल्या गाडीची सैल पट्टी बदलली, म्हणजे काम पुरे झाले असे जाणता कारागीर मानीत नाही. तो मालकाला शेजारी बसवितो, यंत्र जोडलेलेच ठेवतो आणि गाडी पुन्हा चढावर नेतो. ॲक्सिलरेटर दाबताच टर्बोचा मागितलेला दाब आणि मिळालेला दाब हे दोन्ही आकडे बरोबरीने चढू लागले, की मगच तो यंत्र काढून घेतो.