आमचा एकदंत


१९५९ साली जिची पहिली झोतभट्टी पेटली, त्या भिलाईच्या कारखान्यात नोकरी संपवून आम्ही संगणकावर मूर्ती घडवावयास बसलो. 'ब्लेंडर' ही विनामूल्य प्रणाली नातवाने शिकविली. पहिला मान अर्थातच गणरायाचा! मंडळात मोठ्या अभिमानाने चित्र दाखविले, तो काकू म्हणाल्या, "अहो, एकदंताचे दोन्ही दात मोडलेले कसे हो?"

सारे हसले, आम्ही ओशाळलो. एका अंगास केलेले दुसऱ्या अंगास आपोआप उमटविण्याची त्या प्रणालीची सोय बंद करावयाची राहिली होती. "बाजूनेही दाखवा," म्हणाल्या, तर कपाळ पाटीसारखे सपाट! समोरच्या प्रकाशाने ते झाकले होते. शाडूची माती बोटांनाच चूक सांगते; पडदा गप्प राहतो.

दिवा बाजूस सरकवून पुन्हा आरंभ केला. ती मूर्ती आज आणली आहे. काकू पहिल्याच रांगेत बसल्या आहेत.