विम्याचा दावा कुठे अडतो?



मारेगावच्या बसस्थानकाजवळ चार माणसांत विम्याचा विषय काढून बघा. एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: "दरसाल पैसे कटते, पन भेटत काईच नाई." दावे तपासण्याच्या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत, आणि या तक्रारीत खोटं काही नाही हे मी आधीच सांगून टाकतो. कंपन्या टाळाटाळ करतात, बँका कागद खाली ठेवतात, एजंट फोन उचलत नाही. पण नाकारलेल्या दाव्याचं पत्र नीट वाचलं की घोटाळ्याची जागा बहुतेक वेळा दोनच ठिकाणी सापडते. एक, फॉर्म भरला तो दिवस. दुसरी, घटना घडल्यानंतरचे पहिले दोन-चार दिवस. कंपनीला पैसे द्यायचे नसतात तेव्हा तीसुद्धा याच दोन जागांवर बोट ठेवते.

दुसऱ्या जागेपासून सुरुवात करतो, कारण आपल्या जिल्ह्यात ती जास्त महागात पडते.

२०१७चा खरीप आठवा. त्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो लोकांना विषबाधा झाली आणि वीसहून जास्त माणसं गेली. त्यांत दुसऱ्याच्या वावरात रोजीनं फवारा मारणारे मजूर बरेच होते. त्या वेळी शेतकऱ्यांसाठी राज्याची अपघात विमा योजना होती, पण तिचा आधार सातबारा. मजुराच्या नावावर सातबारा कुठला? सरकारनं नंतर वेगळी मदत जाहीर केली, ती गोष्ट निराळी. तेव्हा वर्षाला १२ रुपयांत मिळणारा अपघात विमा त्यांच्यापैकी कोणीही घेऊ शकला असता. तो घ्यायला जमीन लागत नाही, बँकेत खातं लागतं.

आता मुद्दा असा, की फवारणीतून विषबाधा झालेला माणूस दवाखान्यात आणला जातो तेव्हा सोबत आलेला माणूस घाबरलेला असतो. डॉक्टर विचारतात, काय झालं? तो सांगतो, "औषध पोटात गेलं." केसपेपरवर लिहिलं जातं, कीटकनाशक प्राशन. झालं! फवारणी हा शब्द कागदावर कुठंच नाही. पोलिसांच्या बयानात तेच उतरतं, शवविच्छेदनाच्या अहवालाच्या वरच्या रकान्यातही तेच. सहा महिन्यांनी दावा पाहणारा माणूस हा कागद आत्महत्येचा म्हणून वाचतो, आणि अपघात विम्यात आत्महत्या बसत नाही.

म्हणून दवाखान्यात सोबत जाणाऱ्यानं, घरचा असो की वावराचा मालक असो, खरं काय घडलं ते पूर्ण सांगावं. कोणाच्या शेतात, किती वाजेपासून फवारा सुरू होता, कोणतं औषध होतं, त्रास कधी सुरू झाला. औषधाचा डबा सोबत न्यावा. उपचारालाही त्याची मदत होते. केसपेपरवर काय लिहिलं ते वाचून घ्यावं. चूक दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावं. पुढे तहसीलच्या खेपा घालून तो एक शब्द बदलत नाही.

साप चावण्याचंही तसंच आहे. माणूस घरीच गेला, की शवविच्छेदन नको म्हणून घरचे हात जोडतात. दुःखाच्या वेळी हे कोणालाही वाटेल. पण दवाखान्याची नोंद नाही, पंचनामा नाही, तर साप चावला होता हे सांगणारा कागदच उरत नाही. रस्त्यावरचा अपघात, बुडणं, मारहाण यांत पोलिसांची नोंद हवी. साप चावणं, झाडावरून पडणं यांत लगेचची दवाखान्याची नोंद चालते. गावात पोलीस पाटील आहेत, त्यांना त्याच दिवशी कळवा. रासायनिक विश्लेषणाचा अहवाल यायला कधी कधी महिनोन्महिने लागतात. त्याची वाट बघत दावा अडवून ठेवू नका. अर्ज वेळेत द्या, "अहवाल प्रलंबित" असं लिहा आणि पोच घ्या.

आता योजना कोणत्या, ते थोडक्यात. प्रधानमंत्री सुरक्षा विमा म्हणजे तो १२ रुपयांचा. १ जून २०२२पासून तो २० रुपयांचा झाला. वय १८ ते ७०. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आलं तर २ लाख, अंशतः कायम अपंगत्व आलं तर १ लाख. दुसरा जीवन ज्योती, ४३६ रुपयांचा. तो १८ ते ५० वयात घेता येतो आणि ५५पर्यंत चालतो. त्यात मृत्यूचं कारण विचारलं जात नाही. फक्त नव्यानं घेतला असेल तर पहिल्या ३० दिवसांत अपघाताशिवाय आलेला मृत्यू धरत नाहीत. कारणाच्या संकोचानं काही घरं बँकेत जातच नाहीत, पासबुकात कपात दिसत असूनही. त्यांनी जावं. बाईमाणसानं एकटीनं जायला अवघड वाटत असेल तर सोबत कोणी न्यावं, पण जावं. आणि घरात कोणाचं मन खचलेलं दिसत असेल, तर १४४१६ हा टेलिमानसचा मोफत क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं.

या दोन्ही विम्यांचं वर्ष १ जून ते ३१ मे. म्हणजे पैसे कापायची वेळ येते मे महिन्याच्या अखेरीस, नेमकी बियाण्या-खताच्या खरेदीत खातं रिकामं झालेलं असतं तेव्हा. दिल्लीत बसून ज्यांनी ही तारीख ठरवली त्यांनी कास्तकाराचं पासबुक कधी पाहिलं नसावं. शिल्लक नसली की कपात होत नाही, आणि विमा बंद पडला हे घरात कोणालाच कळत नाही. दोन्हींचे मिळून ४५६ रुपये होतात. तेवढे २५ मेच्या आत खात्यात राहू द्या आणि जूनमध्ये पासबुक भरून बघा. दुसरं, दोन बँकांतून दोनदा पैसे कापले गेले तरी भरपाई एकदाच मिळते. जादा कपात वाया जाते. जनधनच्या रुपे कार्डावरही अपघात विमा आहे, पण अपघाताच्या आधीच्या ९० दिवसांत त्या कार्डानं एक तरी व्यवहार झालेला असावा लागतो. पेटीत ठेवलेल्या कार्डाचा या बाबतीत उपयोग नाही.

ज्यांच्या घरी सातबारा आहे त्यांच्यासाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना. एप्रिल २०२३पासून ती विमा राहिली नाही, सरकारी सानुग्रह अनुदान झाली. मध्ये विमा कंपनी नाही, हा बदल मला चांगला वाटतो. खातेदार शेतकरी आणि घरातला आणखी एक सदस्य, वय १० ते ७५. मृत्यूसाठी २ लाख. वीज पडणं, विजेचा धक्का, सर्पदंश, जनावराचा हल्ला, फवारणीतली विषबाधा, सगळं त्यात आहे. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, शक्यतो ३० दिवसांच्या आत. सातबारा आजोबांच्या नावावर आणि फेरफार तीन पिढ्या रखडलेला, ही इथली नेहमीची रड. तलाठ्याकडे वारसाची नोंद घालायला कोणी मरायची वाट बघायला नको.

मोटारसायकलचं एक फारच थोड्यांना ठाऊक असतं. करंजी-वणी रस्त्यावर कोळशाचे ट्रक आणि दुचाकी एकत्र धावतात, अपघात व्हायचेच. गाडीच्या विम्यात थर्ड पार्टी म्हणतात तो भाग दुसऱ्याच्या नुकसानीसाठी असतो. गाडी चालवणारा मालक स्वतःच्या चुकीनं पडला, समोर कोणी नव्हतं, तर त्या भागातून त्याच्या घरी काही येत नाही. त्यासाठी मालक-चालकाचा व्यक्तिगत अपघात विमा असतो, १५ लाखांचा. पावतीवर तो लिहिलेला आहे का बघा. पण अटी दोन: लायसन चालू हवं आणि गाडी स्वतःच्या नावावर हवी. जुनी गाडी घेतली, टीटी फॉर्मवर सही घेऊन ठेवली, आरटीओत नावावर केलीच नाही, अशा गाड्या तालुक्यात कमी नसतील. त्या गाडीवर १५ लाख मिळत नाहीत.

आता पहिली जागा, फॉर्मची.

कापसाचा चुकारा हातात आला की एजंट दारात उभा. नात्यातलाच असतो, म्हणून विचारायला संकोच वाटतो. फॉर्म तो भरतो, आपण विचारतो, "सही कुठं मारू?" आरोग्याबद्दलचे पंधरा-वीस प्रश्न असतात, त्या सगळ्यांपुढे तो "नाही" लिहितो. बीपीची गोळी रोज चालू असते, साखरेचीही असते. त्याला कमिशन हवं असतं आणि आपल्याला लवकर मोकळं व्हायचं असतं. पुढे ॲडमिट व्हायची वेळ आली की डॉक्टर विचारतात बीपी कधीपासून, आपण खरं सांगतो, पाच वर्षांपासून. कंपनी दोन कागद शेजारी ठेवते आणि दावा फेटाळते. इथं मी कंपनीला पूर्ण दोषी धरू शकत नाही. फॉर्म इंग्रजीत असेल तर मजकूर तुमच्या भाषेत समजावून सांगितला, अशी सही समजावणाऱ्यानं करायची असते. ती त्याच्याकडून घ्या. भरलेल्या फॉर्मची प्रत पॉलिसीसोबत मिळायला हवी; ती उघडून वाचा, चुकीचं "नाही" दिसलं तर लगेच लेखी कळवा.

आजार सांगितला तर विमा मिळणार नाही, ही भीती बऱ्याच अंशी जुनी झाली. एप्रिल २०२४पासूनचा नियम असा, की आधीपासूनच्या आजारासाठी कंपनी जास्तीत जास्त ३ वर्षं थांबायला लावू शकते. आणि आरोग्य पॉलिसी सलग ५ वर्षं चालली, की फसवणूक सिद्ध केल्याशिवाय माहिती लपवली म्हणून दावा नाकारता येत नाही. जीवन विम्यात तर विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे ३ वर्षांनंतर पॉलिसीवर कोणत्याही कारणानं शंका घेता येत नाही. ही मुदत सलग मोजतात. हप्ता चुकला, पॉलिसी बंद पडली, नंतर चालू करून घेतली, तर मोजणी पुन्हा सुरू होते.

मुदत ठेव करायला बँकेत गेलेला माणूस पॉलिसी घेऊन बाहेर पडतो, हेही खूप होतं. पाच वर्षं दरवर्षी पैसे भरायचे आहेत हे दुसऱ्या वर्षी फोन आला की कळतं. पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. थोडी कपात करून पैसे मिळतात. ३० दिवसांनंतर मात्र भांडण लांबतं. २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक जीवन आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला आहे, तेव्हा त्या नावानं कोणी जादा रक्कम मागितली तर पावती मागा.

दवाखान्याबद्दल जास्त विचारणा येते ती महात्मा फुले जन आरोग्य योजनेची. जुलै २०२४पासून रेशनकार्ड कोणत्याही रंगाचं असो, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार. मग वणी, यवतमाळ, चंद्रपूर किंवा सावंगीला गेल्यावर "योजना लागत नाही" असं का सांगतात? एक तर तो दवाखाना यादीत नसतो, किंवा तो उपचार ठरलेल्या यादीत नसतो, किंवा रुग्णाचं नाव रेशनकार्डावर नसतं. नव्या सुनेचं आणि लहान मुलांचं नाव चढवायचं राहून जातं, ते आजच चढवा. यादीतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असतं. बिलाच्या खिडकीवर जायच्या आधी तिथं जा. कोणी वरून पैसे मागितले तर १५५३८८ वर फोन करा आणि पावतीशिवाय एक रुपया देऊ नका.

शेवटी, दावा नाकारला तर काय. "ऑनलाइन रिजेक्ट झालं" हे तोंडी उत्तर मान्य करू नका. कोणत्या अटीखाली नाकारलं ते लेखी मागा. उशीर झाला एवढ्याच कारणावरून खरा दावा नाकारू नये, असं विमा नियामक आयआरडीएआयनं २०११मध्येच कंपन्यांना कळवलेलं आहे. आधी कंपनीच्या तक्रार विभागाला पत्र. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर १५५२५५ वर नियामकाकडे तक्रार नोंदवता येते. त्यानंतर विमा लोकपाल. यवतमाळ जिल्हा पुण्याच्या लोकपालांकडे येतो. ५० लाखांपर्यंतची तक्रार घेतात, शुल्क नाही, वकील लागत नाही, तक्रार टपालानंही पाठवता येते. पण कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत. लोकपालांकडे जायचं नसेल तर यवतमाळलाच जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९च्या कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं कार्यालय मुंबईला असलं तरी. ५ लाखांपर्यंत शुल्क लागत नाही. इथं मुदत २ वर्षांची. ही वर्षं बहुधा नकाराच्या पत्रापासून मोजतात, म्हणून ते पत्र आलं त्या पाकिटावर टपालाचा शिक्का असेल तर पाकीटही पत्राला टाचून ठेवा.